कागद हलगी तापवायला

संपादकांचा फोन आला तेव्हा वैशाख सरत होता. यंदाच्या अंकाचा विषय 'वाचता येणं' असा धरलाय, म्हणाले. कुणी मोडीवर लिहितंय, कुणी पत्रिकेवर, कुणी एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांवर. "तुम्ही गाण्याचं बघा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला रीतसर शिकावं लागतं का? नोटेशन वाचता यावं लागतं का?"

मी लगेच हो म्हटलं. उत्तर आपल्याला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. हार्मोनिअमची मध्यमा पूर्ण मी पास झालेली आहे. प्रमाणपत्र आईनं काचेत बसवून धाराशिवच्या घरी बैठकीत लावलंय. आणि त्या प्रमाणपत्रासकट मी एकदा तेरला भर भजनात उघडी पडलेली आहे. ते पुढे येईलच. सांगायचं एवढंच की दोन्ही बाजू अंगावर आलेल्या आहेत. पुण्यात टेबलाशी बसून लेख झाला असता आणि संपादकांच्या तारखेच्या आत गेला असता. पण माहेर तिकडचं, तुळजापूर तिथून अर्ध्या-पाऊण तासावर, आणि ज्यांना कुणी नोटेशनचं कधी विचारलंच नाही अशी वाजवणारी माणसं तिथं पायरीपायरीवर भेटतात. म्हणून माहेरी गेले आणि ज्येष्ठातल्या एका मंगळवारी सकाळी तिथून एसटी धरली.

कूळ कुठलं, गाव कुठलं

मंगळवार देवीचा वार, त्यात लग्नसराईचं शेपूट. महाद्वारातून खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर नवी जोडपी दाटली होती. कुणाच्या मुंडावळ्या अजून कपाळावर, कुणाच्या शालूची घडी वाटेत मोडलेली. ज्यांच्या कुळाला भवानीचा गोंधळ आहे त्यांना लग्नानंतर तो घालावा लागतो. घरी चौक मांडून, उसाची पाच धाटं उभी करून, दिवटी पाजळून रात्र जागवणं ज्यांना जमत नाही, ते इथं येऊन थोडक्यात घालून घेतात.

मी ज्यांच्यापाशी बसले ती तीन पिढ्यांची मंडळी होती. आजोबांच्या अंगात पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात तुणतुणं. मुलाच्या कमरेला संबळ. दहावीत गेलेला नातू झांजेवर. संबळ जवळून न पाहिलेल्यांसाठी सांगते: धातूची दोन भांडी एकमेकांना जोडून कमरेला बांधलेली, एकाचं तोंड लहान, एकाचं मोठं. लहान तोंड टणक बोलतं, मोठं घुमतं. वाजवायच्या छड्या दोन, त्यातल्या एकीचं टोक वळवलेलं.

गोंधळाच्या आधी आजोबांनी नवरदेवाच्या वडलांकडे चौकशी केली. आडनाव काय, कूळ कुठलं, गाव कुठलं, नवरदेवाचं नाव, नवरीचं नाव, तिच्या माहेरचं गाव. वहीत काही टिपलं नाही. मग आवाहन सुरू झालं. गोंधळात सगळ्या देवांना नाव घेऊन बोलवायचं असतं. माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, आणि मग त्या घराचं ग्रामदैवत. त्या यादीत आता ही घरची नावंही जाऊन बसायची होती. नावं काही ताल बघून ठेवलेली नसतात. 'उषा' दोन अक्षरांत संपते आणि 'ज्ञानेश्वर' जागा अडवून बसतो. लातूरकडच्या एका गावाचं नाव इतकं लांब निघालं की ते ओळीत मावणार नाही असं मला स्पष्ट दिसत होतं. आजोबांनी आधीचा शब्द अर्ध्यावर गिळला, गावाला जागा करून दिली. मुलानं मोठ्या तोंडावरचा ठोका किंचित अडवून धरला आणि नाव संपता संपता सोडला. सम जागच्या जागी आली. नवरदेवाच्या आईनं पदर डोळ्याला लावला. आपल्या गावाचं नाव देवीच्या दारात इतकं नीट घेतलं जाईल असं तिला वाटलं नसावं.

सकाळपासून दुपारपर्यंत अशी नऊ-दहा घराणी झाली, आणि दर वेळी नवी नावं.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"शिकायला कुटं जायाचं, ताई? घरातच व्हतं की."

या उत्तरावर शहरी पाहुणा साधारण खूश होतो. रक्तातच आहे, देवीची देणगी आहे, वगैरे. मीही वहीत तसंच काही लिहायला घेतलं होतं. पण आजोबा पुढं बोलत राहिले आणि मला ते खोडावं लागलं. लहानपणी त्यांच्या हातात आधी फक्त झांज दिली होती. किती वर्षं, ते नीट आठवत नाही, पण मिसरूड फुटेपर्यंत. ठेका चुकला की वडील मागं न बघता संबळाची छडी मागं मारायचे. ती बरोबर मांडीवर बसायची. मग तुणतुणं. तुणतुण्याला एकच तार, त्यामुळं ते सोपं असं लोकांना वाटतं. पण त्या एका तारेवर रात्रभर गाणाऱ्याचा सूर आणि लय दोन्ही धरून ठेवायची असतात. मग उत्तररंगातली आख्यानं, पाठ म्हणून कुणी घेतली नाहीत, ऐकून ऐकून बसली. संबळ सगळ्यांत शेवटी. शिवाय दीक्षा. ती झाल्याशिवाय कवड्यांची माळ गळ्यात येत नाही आणि माळेशिवाय चौकात उभं राहता येत नाही.

म्हणजे प्रवेश, क्रम, पायऱ्या, चुकल्यावर शिक्षा, शेवटी दीक्षान्त. शाळेत असतं ते सगळं इथं आहे, फक्त शाळेच्या नावाची पाटी नाही. माझी मध्यमा पूर्ण पाच परीक्षांची, आणि त्या पाचही परीक्षांचा मिळून रियाज या माणसाच्या झांजेच्या वर्षांपुढं फार थोडा. तेव्हा संपादकांच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग माझ्यापुरता त्या पायऱ्यांवरच मिटला. रीतसर शिकावं लागतंच. रीत कुणाची, एवढाच वाद उरतो.

बोटांची बाराखडी

दुसरा अर्धा भाग, वाचण्याचा, त्याच दुपारी उलटापालटा झाला.

जेवणं झाल्यावर आजोबा जरा खुलले. "आमाला वाचता येतं का इचारायलात न्हवं?" म्हणाले, "कानात एक शब्द सांगा." मी त्यांच्या कानात 'तेर' म्हटलं. मुलगा दहा-बारा पावलांवर पाठ करून उभा होता. त्याला वळायला सांगितलं. आजोबांनी एक हात झाडासारखा उभा धरला, एक बोट दाखवलं, भराभर चुटक्या वाजवल्या. मग हाताची दुसरी खूण, दोन बोटं. मुलगा म्हणाला, "तेर."

ही करपल्लवी. गोंधळ्यांची ही विद्या पूर्वी गोंधळाच्या रात्री करमणूक म्हणून दाखवली जायची. कुणी नाईकाच्या, म्हणजे मुख्य गोंधळ्याच्या, कानात नाव सांगायचं, साथीदारानं लांबून ओळखायचं आणि पाटलानं चकित होऊन बिदागी वाढवायची. तिची रचना समजून घेतली तेव्हा मी थक्क झाले. वर्णमालेतल्या प्रत्येक वर्गाला हाताची एक खूण. नागाची फणी केली की स्वर, कारण अहि म्हणजे नाग आणि त्यात अ. कमळ केलं की क-वर्ग. चक्र फिरवलं की च-वर्ग. धनुष्याचा टणत्कार केला की ट-वर्ग, तरू म्हणजे झाड दाखवलं की त-वर्ग, पर्वत दाखवला की प-वर्ग. य आणि श यांच्यासाठीही अशाच खुणा. खूण झाली की बोटं. त्या वर्गातलं कितवं अक्षर ते बोटं सांगतात. आणि चुटक्या म्हणजे बाराखडीतली कितवी मात्रा. त-वर्गातलं पहिलं अक्षर त, त्याला ए-काराची जागा येईपर्यंत चुटक्या, मग य-वर्गातलं दुसरं अक्षर र. 'तेर' झालं. अशा खुणांची विद्या देशात इतरत्रही आहे, पण गोंधळ्यांनी ती भर चौकात, संबळाच्या दणदणाटात वापरली. तिथं तोंडानं काही सांगितलेलं ऐकूच जात नाही.

पाणिनीच्या शिष्यांनाही आवडावी अशी ही मांडणी: वर्ग, क्रमांक, मात्रा. आणि ज्यांच्या हातात ती आहे त्यांच्याबद्दल आपण 'वाचता येत नाही' असं एका वाक्यात लिहून मोकळे होतो.

नातवाला करपल्लवी येते का? थोडी येते. तो आणि त्याचे मित्र व्हॉट्सॲपवर बोलतात.

फुली म्हणजे सम की खाली?

नातू धाराशिवला तबल्याच्या क्लासला जातो, हे त्याच्या आजोबांनीच अभिमानानं सांगितलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिथं.

एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत सतरंजी, तबल्याच्या सहा जोड्या, भिंतीवर सरस्वती. बाजूला पलुसकर आणि भातखंडे यांचे फोटो. आपल्याकडच्या बहुतेक क्लासांत हे दोघे शेजारी लटकलेले असतात. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टी लहानपणी दारूकामाच्या अपघातात अधू झाली. डोळ्यांनी जमेल असं शिक्षण बंद झालं म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याला ठेवलं. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, फी आणि तासांचं वेळापत्रक असलेलं. ज्याला स्वतःला धड दिसत नव्हतं त्यानं हजारो पोरांना स्वर डोळ्यांनी वाचायला लावले. त्यांच्या पश्चात शिष्यांनी १९३१ मध्ये मंडळ स्थापन केलं. त्याच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज तालुक्या-तालुक्यात होतात: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार.

भातखंडे १८६० सालचे, मुंबईचे वकील. त्यांनी देशभर हिंडून घराण्यांच्या पेटीत बंद असलेल्या बंदिशी जमवल्या, कुणी मनधरणीनं दिल्या, कुणी हातचं राखून. त्या लिहून काढून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत आहे, गुरू-शिष्याच्या संवादासारखा. बडोद्याची १९१६ची संगीत परिषद आणि लखनौचं १९२६चं कॉलेज यांमागंही तेच होते. आज लखनौचा विद्यार्थी हिंदीतून जे शिकतो ते आधी मराठीत लिहिलं गेलं, ही गोष्ट मराठी माणूस सांगायला विसरतो. बाकी वेळी तो असलं काही विसरत नाही.

या दोघांच्या लिप्या मात्र वेगळ्या. क्लासचे सर हसत म्हणाले, "पोरांचा सगळ्यात मोठा गोंधळ फुलीनं होतो." भातखंड्यांच्या पद्धतीत तालाच्या समेखाली गुणिलेची फुली येते आणि खालीला शून्य. पलुसकरांच्या पद्धतीत समेला एकचा आकडा आणि खालीला अधिकची खूण. पोरं परीक्षेत घाईनं फुली मारतात. ती तिरकी पडली की सरळ, यावर सम ठरते. सम ही तालातली सगळ्यांत भरलेली जागा, खाली सगळ्यांत हलकी. आणि दोन्हींची खूण जवळपास एकच.

मी आदल्या दिवशी फोनवर संबळ ध्वनिमुद्रित केलं होतं. सरांना म्हटलं, हे लिहून काढूया. त्यांनी लगेच कागद ओढला. तासभर आम्ही दोघं आणि तो नातू फोनला कान लावून बसलो. पहिली अडचण अक्षरांची. तबल्याला धा, धिन, तिरकिट अशी ठरलेली अक्षरं आहेत, आणि तोंडानं ती म्हणणं, पढंत, हीच खरं तर तबल्याची जुनी लिपी. संबळाचे बोल घरोघरी वेगळे, आणि ते छापलेले कुठं सापडतील असं सरांनाही वाटेना. म्हणून सरांनी तबल्याचीच अक्षरं उसनी घेतली. चाल सहा मात्रांत बसली. मग नातवानं कागद समोर धरून ते तबल्यावर वाजवलं. चूक एकही नव्हती. तरी ते बातम्या वाचल्यासारखं वाटलं.

काय हरवलं ते आम्हा तिघांनाही कळत होतं. आदल्या दिवशी लांब गावाच्या नावासाठी अडवून धरलेला तो ठोका. कागदावर त्याला जागा द्यायची तर आधी कुठल्या घराचा गोंधळ आहे ते कागदाला कळायला हवं.

पण एक कबूल करायला हवं. लिहिताना सरांच्या लक्षात आलं की दर चौथ्या आवर्तनात लहान तोंडावर एक जादा ठोका येतो, आणि तो न चुकता येतो. संध्याकाळी मी आजोबांना हे सांगितलं. त्यांनी छड्या हातात घेऊन चार आवर्तनं वाजवून बघितली आणि म्हणाले, "येतोय की. मला म्हाईतच न्हवतं." साठेक वर्षं हातात असलेली गोष्ट कागदानं पहिल्यांदा त्यांना दाखवली. नोटेशनवाल्यांच्या बाजूनं बोलायचं झालं तर मी हेच सांगेन.

वर लिहिलेलं 'चाल'

खरी मराठी स्वरलिपी मात्र पलुसकर-भातखंड्यांच्या लिप्यांपेक्षा जुनी आणि फार आळशी आहे. ती एका शब्दाची आहे: चाल.

१८८०च्या 'शाकुंतल'पासून पुढच्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चाल अमुक. खाली फक्त शब्द. वाचणाऱ्याच्या कानात ती मूळची चाल आहे असं लेखकानं धरूनच टाकलेलं असतं. नसेल तर पद तुमच्यासाठी मुकं.

हीच पद्धत येरमाळ्याच्या वाटेवर, येडेश्वरीच्या एका आराधी मेळ्यातल्या बाईंच्या वहीत जशीच्या तशी भेटली. शंभर पानी वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. बाई स्वतः दुसरीपर्यंत शिकलेल्या, म्हणून गाणी नातीनं लिहून दिलेली. प्रत्येक गाण्याच्या वर 'चाल', आणि पुढं कुठल्या तरी हिंदी किंवा मराठी सिनेमाच्या गाण्याचं नाव. देवीच्या पाळण्याला नव्वदच्या दशकातलं प्रेमगीत. मला हसू आलं तशा बाई म्हणाल्या, "देवीला काय कळतंय कुटलं पिच्चर हाय ते?" आता वहीबरोबर फोनही असतो. नवी चाल ऐकली की रेकॉर्ड करून ठेवायची, मेळ्याच्या ग्रुपवर टाकायची. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला पन्नास बायका एका सुरात म्हणतात त्यामागं नोटेशन असलं तर ते हेच.

भजनातली माणसंही सूर कागदावर लिहीत नाहीत, पण त्यांच्याकडे सुराला नेमकं नाव आहे. काळी एक, काळी चार, पांढरी पाच. पेटीच्या पट्ट्या मोजून ठरलेली ही नावं कुठल्याही गावच्या भजनी मंडळात चालतात. आणि इथंच माझी तेरची फजिती येते.

गोरोबाकाकांच्या यात्रेत, मी विशीत असताना, पेटीवाला आला नाही म्हणून कुणीतरी मला पुढं ढकललं. शिकलेली पोरगी आहे, परीक्षा दिलेली आहे. बुवांनी मागं वळून न बघता "काळी चार" म्हटलं आणि उचललंच. मी जन्मभर काळी एकवर वाजवलेलं. माझ्या वहीत सगळे अलंकार, सगळे राग सा पासून लिहिलेले, आणि सा म्हणजे माझ्या बोटांना काळी एकच माहीत. दोन ओळी मी नुसता भाता हलवत राहिले. मग शेजारी टाळ धरून बसलेल्या एका म्हाताऱ्यांनी काही न बोलता पेटी आपल्याकडं ओढली आणि वाजवायला लागले. टाळ मला दिले. तेही मला धड जमले नाहीत. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. काचेतलं प्रमाणपत्र तिच्या बैठकीत आहे.

जिथं वाचावंच लागतं

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे नोटेशन फुकटच. तसं नाही, आणि त्यासाठी गोव्याकडं बघावं लागतं.

पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फेज, म्हणजे स्वर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवत. त्या शिक्षणावर गोव्याची माणसं मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यातली नावं. काम असं चाले: संगीतकार चाल गुणगुणून दाखवी, पुष्कळदा त्याला पाश्चात्त्य लिपी येत नसे. अरेंजर ती पाच रेघांवर उतरवी, व्हायोलिनना वेगळी, चेलोला वेगळी, ट्रम्पेटला वेगळी. कागद स्टँडवर ठेवले की तीस-चाळीस माणसं, जी सकाळी पहिल्यांदा ती चाल ऐकत होती, दुपारपर्यंत एकजीव वाजवायची. त्याच खोलीत बासरीवाला आणि ढोलकीवाला कानानं ऐकून किंवा देवनागरीत सारेगम खरडून आपली बाजू सांभाळत. अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'मधल्या १९७७च्या त्या गाण्यात अंडं फोडून बाहेर येणारा अमिताभ सगळ्यांना आठवतो. त्या गाण्यातलं 'अँथनी गोन्साल्विस' हे नाव मात्र माजोर्ड्याच्या या वाद्यशिक्षकाचं आहे.

अनोळखी माणसं पुष्कळ, वेळ थोडा, आणि प्रत्येकाचं काम निराळं, अशा ठिकाणी कागदाला पर्याय नाही. रीतसर संगीत न शिकलेल्या अजय-अतुलनी २०१६च्या 'सैराट'चं संगीत अमेरिकेतल्या सिम्फनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. तिथल्या वादकांना आर्ची-परशा कोण ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, समोरचा कागद पुरला. बीटल्सपैकी कुणाला नोटेशन वाचता येत नव्हतं हे पॉल मॅकार्टनीनं उघड सांगितलंय. त्यांच्या गाण्यांत व्हायोलिनं वाजली तेव्हा ती लिहायला जॉर्ज मार्टिन होता. न वाचणाऱ्याच्या शेजारी एक वाचणारा बसलेला असतो, हे या गोष्टी सांगताना गाळलं जातं.

गोंधळात तिघं-चौघं. एकाच घरातली, जन्मभर एकमेकांच्या श्वासावर वाजवणारी. त्यांना तो कागद लागत नाही, कारण त्यांची अडचणच वेगळी आहे. ऐन वेळी आलेलं नाव तालात बसवायचं. व्हायोलिनच्या ओळीतल्या माणसाला ते करायला सांगितलं तर तोही तेरच्या माझ्यासारखा भाता हलवत बसेल.

वाजवणारा आणि वादक

आता जरा कडू भाग.

धाराशिवच्या एका वस्तीत हलगी वाजवणाऱ्या दोघा भावांकडं गेले होते. पावसाळी हवा, कातडं सैल पडलेलं. त्यांनी वर्तमानपत्राचे बोळे पेटवले आणि हलगी त्यावर शेकली. बोटानं ठोकून बघितली, आणखी एक पान जाळलं. उस्मानाबादी शेळी जगाला मटणासाठी माहीत आहे, तिचं कातडं इथं असं बोलतं. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला, कागदावर लिहिलेलं वाजवता का? मोठा भाऊ आगीकडं बोट करून म्हणाला, "आमाला कागद लागतो तो ह्याला."

विनोद म्हणून ते छान आहे, पण त्याच्या मागं जात उभी आहे. आपल्या बोलण्यात बघा. तबल्यावर बसतो तो वादक, हलगी बडवतो तो वाजवणारा. एकाला कलाकार म्हणून खुर्ची, दुसऱ्याला वरातीच्या पुढं रस्ता. गावकीचं काम म्हणून हलगी लादली गेली आणि बाबासाहेबांच्या हाकेनंतर अनेकांनी ती टाकली, ते योग्यच केलं. तेव्हा या घरांतल्या शिकण्याचे गोडवे गाताना मला जपून राहावं लागतं. संबळ काय, हलगी काय, ज्यांनी शिकली त्यातल्या कितीजणांना दुसरं काही शिकायची मोकळीक होती?

आणि कागद न येण्याची किंमत संगीतात कमी, संगीताबाहेर जास्त द्यावी लागते. वयस्क कलावंतांना सरकारचं मानधन मिळतं, दरमहा ५,००० रुपये. त्यासाठी कलावंत असल्याचे पुरावे जोडायचे. कार्यक्रमाच्या पत्रिका, कात्रणं, दाखले. आजोबांनी आयुष्यात जे हजारो गोंधळ घातले त्यांच्या पत्रिकेत छापलेली असतात ती नवरा-नवरीची नावं. दहावीच्या पोरांना कलेचे वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय संगीत असेल तर पास झालेल्या परीक्षा मोजतात, लोककला असेल तर प्रयोग मोजतात, आणि त्या प्रयोगांचा दाखला संस्थेनं द्यायचा असतो. महाद्वारापाशी एका मंगळवारी दहा गोंधळ वाजवणाऱ्या पोराला तो दाखला कोण देणार? देवीची सही चालत नाही. गोंधळी भटक्या जमातीत मोडतात, तेव्हा गोंधळी असल्याचाही कागद काढावा लागतो, तो वेगळाच.

मुंबई विद्यापीठात २००४ पासून लोककला अकादमी आहे आणि तिथं या कला शिकवल्या जातात, ही चांगली गोष्ट झाली. पण तुळजापूरचं पोर त्यासाठी मुंबईला जाऊन राहणार कसं? माझं म्हणणं साधं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन जाणते आणि एक तबल्याचे सर बसवावेत. समोर संबळ, हलगी, तुणतुणं वाजवून घ्यावं, हवं तर चार अनोळखी नावं देऊन आवाहनात बसवायला सांगावं, आणि जो पास होईल त्याला विशारदाच्या तोडीचा कागद द्यावा. नोटेशन लिहायला लावू नये. नापास करायचं तर माझ्यासारख्यांना करावं.

निघायच्या आधी पुन्हा तुळजापूरला गेले. नातवाला विचारलं, तुला काय व्हायचंय? शाळेत संगीत शिक्षक, म्हणाला. त्याला विशारद लागतं. संबळ सोडणार का? त्यानं आजोबांकडं बघितलं, मग म्हणाला, सुट्टीत वाजवीन. आजोबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "पगार असतो त्याला."

पोरानं तबल्याच्या प्रवेशिका पूर्णचा फॉर्म भरलाय. परीक्षा तुळशीची लग्नं लागल्यानंतर आहे, लग्नसराई उघडते तेव्हाच. त्या दिवशीच्या एका गोंधळाची सुपारी त्यांच्याकडं आली होती. आजोबांनी ती चुलतभावाच्या घराला दिली.